बाईंना सांगू नका

१. चौकटीतलं वाक्य

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मग ते वाक्य मोठ्याने वाचलं.

"इथलं चुकलं होतं, बदललं. बाईंना सांगू नका."

आमच्या ऑफिसात मालकांचा चहाचा कप ओठांपर्यंत आला होता, तो तिथेच राहिला.

"बाई म्हणजे मीच ना?" बाई म्हणाल्या. "की या पुस्तकात अजून कोणी बाई आहे?"

दुसरी कोणी नव्हती. पुस्तक बाईंचंच, विणकामाच्या नमुन्यांचं. जन्मभर त्यांनी लोकांना सुया धरायला शिकवलं आणि शिकवता शिकवता जे नमुने रचले, ते आता छापून ठेवायचे होते. आमचं ऑफिस पुस्तकांची पानं जुळवून देतं. मी इथे प्रूफं वाचते. शिक्षण म्हणाल तर दुसऱ्यांच्या चुका शोधता शोधता जेवढं झालं तेवढंच. सगळे मला मावशी म्हणतात. मालकसुद्धा, आणि ते माझ्याहून चांगले मोठे आहेत.

दुसरं प्रूफ टेबलावर पसरलं होतं. वेलाचा नमुना. टिंब म्हणजे सुलट टाका, फुली म्हणजे उलट, गोल म्हणजे जाळीचं भोक. आणि त्यांच्या मधोमध, गर्दीत कोणी पाय पसरून बसावं तसं, ते वाक्य:

      . . x o x . .
     . . x . . x . .
% इथलं चुकलं होतं, बदललं. बाईंना सांगू नका.
 . . x . o . x . .
      . . x o x . .

"पहिल्या दिवशी मी काय सांगितलं होतं? माझ्या नमुन्यातलं टिंबसुद्धा हलता कामा नये. मी घरी जसं टाईप केलंय, तसंच छापा."

"तसंच छापलंय, बाई," मालक म्हणाले.

"मग हे मी टाईप केलं? मला सांगू नका म्हणून मीच मला लिहिलं?"

मालकांनी कप खाली ठेवला.

"उद्या दुपारी येते," बाई उठल्या. "ज्याने हात घातलाय तो माझ्यासमोर उभा पाहिजे. नसेल, तर माझे नमुने मला परत द्या. पुस्तक नाही झालं तरी चालेल. दुसऱ्याच्या हातचं माझ्या नावावर नको."

दार बंद झालं तसे मालक कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळले. तिथे आमची सुसाट बसते. कीबोर्डवर तिची बोटं इतक्या वेगाने पळतात की तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कोणाला तरी आठवतं.

"बाईंची फाईल कोणाकडे असते?"

"माझ्याकडे," सुसाट म्हणाली.

"आणखी कोणाकडे?"

"कोणाकडेच नाही."

"मग झालं तर," मालक म्हणाले. "उद्या दुपारी बाईंसमोर तू उभी राहा. आणि परवापासून दुसरीकडे बघ."

२. कुजबुज

सुसाट रडत नव्हती, पण तेच बघवत नव्हतं. ती आणि तिची मुलगी दोघीच राहतात. ही नोकरी तिने कशी धरून ठेवली आहे ते मला माहीत आहे.

"मावशी, तुमची शपथ, मी नाही लिहिलं."

"माझी शपथ कशाला घेतेस? मला अजून जगायचंय. मला नीट समजाव. ही टक्क्याची खूण कशाला आलीय वाक्याच्या पुढे?"

हे मला अर्धवट माहीत होतं, तिने पूर्ण केलं. आमच्या जुळणीच्या प्रणालीत ओळीच्या सुरुवातीला टक्क्याची खूण टाकली की ती ओळ फाईलमध्ये राहते, पण छापली जात नाही. त्यामुळे तिच्या आड आमचं ऑफिस कुजबुजतं. हा परिच्छेद परत तपास. मालक आज तिरपे आहेत. चहा गार झाला. एका जाडजूड ग्रंथाच्या पोटात तर पावशेर भांडण आहे, आणि ग्रंथकर्त्याला आजवर पत्ता नाही.

"मग ही कुजबुज बाहेर कशी फुटली?"

"चौकटीमुळे." तिने पडद्यावर दाखवलं. बाईंचे नमुने ज्या चौकटीत बसवले होते, तिला आम्ही 'जसंच्या तसं' म्हणतो. बाकी पानात प्रणाली आपली अक्कल चालवते: जास्तीच्या जागा गाळते, ओळी मोडते, खुणांचे अर्थ लावते. या चौकटीत ती अक्कल गहाण ठेवते. आत जे आहे ते छापते. टिंब तर टिंब, टक्का तर टक्का.

"म्हणजे आत कुजबुजायची सोय नाही."

"नाही ना! मी कशाला आत लिहीन? नवीन होते तेव्हा एकदा पोळलेय मी. एका गणिताच्या पुस्तकात मालकांचं नाव छापून आलं होतं, विशेषणासकट."

"मग छापायच्या आधी हे तुला दिसलं कसं नाही?"

"मी उघडतच नाही नमुने. टिंबालाही हात लावू नका म्हटल्यावर सरळ व्यवस्थाच तशी केली. बाईंच्या सूनबाई पेनड्राईव्ह आणून देतात, त्यातली फाईल चौकट परस्पर ओढून घेते. मध्ये माझं बोटही लागत नाही."

मी मनात एक गाठ मारली. लिहिणाऱ्याला कुजबुज माहीत होती, पण चौकट माहीत नव्हती. सुसाटला दोन्ही माहीत होत्या. मालकांनाही, कारण ही प्रणाली इथे आणली त्यांनीच.

"ही टक्क्याची गंमत बाहेरच्या कोणाला दाखवलीस का?"

सुसाट ओशाळली. "येणाऱ्याला हसवायला दाखवते कधीकधी. चित्रकारांना दाखवली. सूनबाईंना दाखवली."

चित्रकार! याच पुस्तकासाठी काढलेली त्यांची हातांची चित्रं बाईंनी तीनदा परत पाठवली होती, आणि ऐन ऑफिसात म्हणाल्या होत्या, "ही बोटं आहेत की मेणबत्त्या?"

३. मेणबत्त्या

चित्रकारांचं घर म्हणजे कागदांचा ढीग आणि त्यात जागा मिळेल तिथे चित्रकार. दाढी छातीपर्यंत. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात ब्रश नव्हता. विणकामाच्या सुया होत्या आणि त्यावर निळी लोकर.

मी बघतच राहिले.

"हसा," ते म्हणाले. "बायको रोज हसते."

"तुम्हाला विणता येतं?"

"यायला लागलं. मेणबत्त्या म्हणाल्या ना त्या? म्हटलं, हात सुईवर कसा वळतो ते आपल्याच हातात बघू. आता सोडवत नाही. बसा, टोपी घालून बघता?"

टोपी एका कानापुरती होती. मी दोन कागद पुढे केले: पहिलं प्रूफ आणि दुसरं. वेलाच्या नमुन्यात फक्त एका ओळीत फरक होता. तिथे आधी भोक नव्हतं, आता होतं.

"दोन्ही विणून दाखवा."

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुम्हाला माझा संशय आहे."

"आहे. तुम्हाला कुजबुज माहीत आहे, विणता येतं, आणि बाईंवर राग आहे."

"राग होता. पण मला त्यांची चूक सापडली असती ना मावशी, तर लपवली असती होय मी? बँड लावून गेलो असतो त्यांच्या दारात. एका चुकीच्या बदल्यात दहा बोटं पास करून घेतली असती!"

हे मला पटलं. माणूस खोटं बोलताना इतका आनंदी दिसत नाही.

त्यांनी विणलं. आधी पहिल्या प्रूफाप्रमाणे. वेल वर चढत आला आणि त्या ओळीपाशी तुटला, वरचं पान अधांतरी लटकलं. मग दुसऱ्याप्रमाणे. वेल सळसळत वर गेला.

चित्रकारांनी दोन्ही तुकडे उजेडात धरले. त्यांचा चेहरा बदलला होता.

"मावशी, तुम्ही चोर शोधताय," ते म्हणाले, "पण ज्याने हे केलं, त्याने बाईंची अब्रू वाचवलीय."

४. उपटलेलं बटण

चूक बाईंची होती. हे उद्या त्यांना कोण सांगणार, या विचाराने मी ऑफिसात परतले. मालक मान खाली घालून बसले होते. त्यांनाही सुसाटला काढायचं नव्हतं, पण बाईंना काय तोंड दाखवायचं हे सुचत नव्हतं.

"घरचं कोणी असेल," मी म्हटलं.

"घरच्यांनी 'आईंना सांगू नका' लिहिलं असतं. 'बाई' आपण म्हणतो."

"ज्याला लिहायचं त्याच्या तोंडचा शब्द वापरतो माणूस. सुसाटला लिहिलंय, म्हणून बाई."

"हा पुरावा नाही, मावशी."

नव्हताच. मी प्रूफ परत समोर ओढलं, आणि तेव्हा मला ते दिसलं. सकाळपासून आम्ही सगळे वाक्याकडे बघत होतो. वाक्याखालच्या ओळीकडे कोणी बघितलंच नव्हतं. बदललेली ओळ डावीकडे घसरली होती. वरच्या-खालच्या ओळी आपापल्या जागी, आणि हीच तेवढी समासाला चिकटलेली.

"सुसाट, ही फाईल उघड. पडद्यावर ही ओळ कशी दिसते?"

तिने उघडली. पडद्यावर ओळ अगदी सरळ होती.

"असं कसं? चौकट तर जसंच्या तसं छापते."

सुसाटने कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेला आणि एकेक जागा पुढे सरकवू लागली. बाकीच्या ओळींत कर्सर मुंगीच्या पावलांनी चालत होता. बाई जागासुद्धा मोजून सोडतात. या ओळीत त्याने एकदम उडी मारली.

"टॅब!" सुसाट ओरडली. "मावशी, इथे जागा नाहीत, टॅबचं बटण दाबलंय! पडद्यावर त्याची लांब उडी दिसते, पण आपली चौकट टॅबला एकच जागा धरते. म्हणून छापताना घसरली."

मालक ताडकन उठले. त्यांनी सुसाटच्या कीबोर्डकडे पाहिलं, मग माझ्या, मग स्वतःच्या. तिन्हींवर डाव्या बाजूला एकेक भोक होतं.

मागे एकदा टॅबच्या उड्यांनी एका पुस्तकातले सगळे तक्ते कोलमडले. त्या दिवशी मालकांनी पक्कड घेतली आणि ऑफिसातल्या प्रत्येक कीबोर्डवरून टॅबचं बटण उपटून काढलं. पाहुणे विचारतात, दात कसा पडला? आम्ही सांगतो, मालकांनी पाडला.

"ही ओळ या ऑफिसात टाईप होऊच शकत नाही," मालक हळूच म्हणाले.

"नाही. आणि चित्रकारांच्या घरी पेन्सिलीपलीकडे यंत्र नाही. फाईल पेनड्राईव्हवरून जशी आली तशी चौकटीत गेली. पेनड्राईव्ह दोघींच्याच हातात असतो, बाईंच्या आणि सूनबाईंच्या."

बाईंचा मुलगा जहाजावर असतो, घरी या दोघीच. आणि बाई सगळ्या गावाला सांगत असतात, "माझ्या सुनेला सुई म्हणजे टोचायचीच माहीत. दवाखान्यात असते ना!"

विणता न येणाऱ्या सुनेने वेल कसा जोडला?

५. करंगळी

सूनबाई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसतात. मी रांगेत उभी राहिले. पुढच्या आजोबांना त्या विचारत होत्या: नाव, वय, काय त्रास. डोळे आजोबांकडे, उजवा हात अक्षरांवर, आणि प्रत्येक उत्तरानंतर डावी करंगळी टक्कन एका बटणावर. नाव, टक्. वय, टक्. पडद्यावरच्या एका रकान्यातून दुसऱ्यात. त्यांना ती करंगळी आपली आहे हेही माहीत नसावं.

माझा नंबर आला.

"पेशंटचं नाव?"

"वेलाचा नमुना," मी म्हटलं. "त्रास म्हणजे, एक ओळ घसरलीय."

करंगळी हवेतच थांबली.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही मागच्या जिन्यावर बसलो. त्यांनी नाकारलं नाही, नुसतं विचारलं, "आईंना कळलं?"

"वाक्य छापून आलंय. त्यांनीच वाचलं. मोठ्याने."

त्यांनी डोळे मिटले. "सुसाट म्हणाली होती, त्या खुणेमागचं छापत नाही."

"बाकी पानात नाही छापत. चौकटीत छापतं. विणायला कधी शिकलात?"

"आईंनी फाईल टाईप करून संपवली तेव्हा. यांना एक स्वेटर करावा म्हटलं, गुपचूप, त्यांच्याच नमुन्यावरून. तो जमेना. मला वाटलं, मीच ढ. चारदा उसवला. मग कळलं की चुकतोय नमुना." त्यांनी जिन्याच्या पायरीकडे बोट केलं. "तेव्हापासून इथे, सुट्टीत, एकेक विणून बघते. चुकला तर फाईलमध्ये बदलते."

"मग चिठ्ठी या वेलालाच का?"

"बाकीचे पहिल्या प्रूफाआधी नीट केले होते. वेल मागाहून सापडला. सुसाटने जुन्या प्रूफाशी ताडून पाहिलं असतं तर फरक दिसला असता आणि तिने सरळ आईंना फोन केला असता."

"सुसाटची नोकरी जातेय, सूनबाई. उद्या दुपारी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे त्यांना माहीत नव्हतं.

"आणि मी बोलले तर आई सुया खाली ठेवतील. तुम्ही ओळखत नाही त्यांना. मागे गाडी चालवताना एकदा दगडाला घासली, तर किल्ली काढून यांच्या हातात दिली, परत म्हणून तिला शिवल्या नाहीत. सुया गेल्या तर त्यांच्याकडे राहतं काय?"

घंटा झाली. त्या उठल्या. येईन म्हणाल्या नाहीत, येणार नाही असंही नाही.

६. दुपार

बाई वेळेआधी आल्या आणि खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली. सुसाट भिंतीला टेकून उभी. चित्रकार कशाला आले होते कोण जाणे, पण आले होते, लोकरीसकट.

"कोण आहे ते?" बाईंनी विचारलं.

"सुसाट नाही, एवढं मी सिद्ध करून देते," मी म्हटलं आणि उपटलेल्या बटणाची गोष्ट सांगितली. बाईंनी उठून प्रत्येक कीबोर्डच्या भोकात बोट घालून पाहिलं. परत बसल्या.

"म्हणजे माझ्या घरून आलं."

मी काही बोलायच्या आत दार उघडलं. सूनबाई दवाखान्याच्या गणवेशातच आल्या होत्या, हातात कापडी पिशवी.

"मी केलं, आई."

"तू?" बाईंना हसूच आलं. "तुला सुलट-उलट तरी कळतं का?"

सूनबाईंनी पिशवी टेबलावर रिकामी केली. तळहाताएवढे तुकडेच तुकडे बाहेर पडले, प्रत्येक नमुन्याचा एक. काही वेडेवाकडे, काही फार सुरेख. बाईंचं हसू विरलं. त्यांनी तुकडे एकेक करून उचलले, उलटे करून मागची वीण पाहिली. त्यांना वाचायला कागद लागत नव्हता.

"कुठे कुठे चुकलेय मी?"

सूनबाई सांगत गेल्या. शिंपला, जाळीची किनार, दुहेरी पीळ, वेल. आवाज इतका खाली की मला पुढे वाकावं लागलं.

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

आता सूनबाई चमकल्या.

"चुकतंय हे माहीत होतं. कुठे ते नव्हतं माहीत. हल्ली मोजता मोजता मध्येच सुटतं गं. म्हणून तर या ऑफिसवाल्यांना दटावलं, कोणी हात लावायचा नाही. हात लावला की दिसलंच असतं." त्यांनी पुढचा तुकडा उचलला. लहान बाळाच्या स्वेटरचा काठ होता. त्यावरून बोट फिरवलं, परत फिरवलं. "आणि हे काय? इथे भोकं होती ना?"

"होती. दोन. काठाशीच. मला वाटलं चुकून राहिली, म्हणून बुजवली."

बाईंनी तुकडा खाली ठेवला.

"अगं ती काजं होती! बटणं कुठे लावायची मग? बाळाला काय आत घालून शिवून टाकायचं?"

पहिले फुटले चित्रकार. मग सुसाट, मग मालक. सूनबाई लाल झाल्या, तोंडावर हात घेतला, आणि त्याच हाताआड हसायलाही लागल्या. बाई मात्र गंभीर होत्या, जेमतेम.

"चार पकडल्यास आणि पाचव्यात स्वतः पडलीस. एकटी कशाला बसायचीस जिन्यावर? मला विचारता येत नव्हतं?"

"तुम्ही किल्ली ठेवलीत तशा सुया ठेवल्या असत्यात."

बाईंनी टेबलावरचे तुकडे एकावर एक रचले.

"ठेवल्या असत्या," शेवटी म्हणाल्या. मग मालकांकडे वळल्या. "हिला काढणार होता ना तुम्ही?"

"कोणाला? सुसाटला? छे! कोण म्हणालं?"

"बरं. मग तिला बसू द्या यंत्रावर. नमुने पहिल्यापासून बघायचेत. आणि मालक, तोवर छपाई थांबेल. चालेल ना?"

"चालेल," मालक म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

टेबल मोकळं झालं. सूनबाईंनी दवाखान्यात फोन करून अर्धी सुट्टी टाकली. चित्रकारांनी आपली निळी लोकर देऊ केली, बदल्यात बाईंच्या हातांचं चित्र काढायची परवानगी मागितली. "काढा," बाई म्हणाल्या, "पण बोटंच काढा." सुसाटने पहिल्या नमुन्याची फाईल उघडली. बाई ओळ वाचत, सूनबाई विणत, आणि गडबड झाली की तिघी मिळून उसवत.

स्वतःच नीट केलेल्या शिंपल्यापाशी सूनबाईंची सुई अडली.

"एक टाका कमी पडतोय, आई."

"परत मोज."

"मोजला."

बाईंनी सुई हातात घेतली. बोटाच्या टोकाने टाके मोजत गेल्या, मध्येच थांबल्या, ओठ हलले, परत पहिल्या टाक्यावर आल्या. तिसऱ्यांदा त्या शेवटपर्यंत पोचल्या.

"कमीच आहे," त्या म्हणाल्या. "सुसाट, वाढव एक."

सूनबाईंनी सुई परत घ्यायला हात पुढे केला. बाईंनी ती दिली नाही. लोकर बोटाला गुंडाळली, खुर्ची उजेडाकडे सरकवली आणि प्रूफाचा कागद सुनेपुढे ढकलला.

"आता तू वाच. मी विणते."